ठोकळा पास, इमारतीचे काय?

स्लॅब टाकण्याचा दिवस म्हणजे बांधकामाच्या जागेवर सणच. सकाळी नारळ फुटतो, मिक्सर फिरू लागतो, घमेल्यांची रांग लागते. एका कोपऱ्यात कुणीतरी त्याच मालातले थोडे काँक्रीट लोखंडी साच्यांत भरत असतो. साच्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १५० मिलिमीटर. माल तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला किमान ३५ ठोके द्यायचे, वरून थापीने सपाट करायचे. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघालेला ठोकळा पाण्याच्या टाकीत जातो आणि २८ दिवस पुरे झाले की प्रयोगशाळेतल्या दाबयंत्राखाली फोडला जातो. ‘एम २५’ या दर्जाच्या काँक्रीटचा ठोकळा असेल, तर त्याने साधारण ५७ टनांचा भार पेलावा अशी अपेक्षा असते. तो पेलला की कागदावर शेरा पडतो, ‘पास’.

त्याच दिवशी दुपारी ऊन चढते. माल घट्ट व्हायला लागतो, सळयांच्या जाळीत नीट उतरत नाही. मुकादम ओरडतो, ‘अरे, माल सुकलाय, टाक अजून अर्धी बादली!’ बादली पडते, माल सैल होतो, काम पुढे सरकते. त्या बादलीची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही. ठोकळे तर सकाळीच भरून झालेले असतात.

काँक्रीटच्या बळकटीची गणिते गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चांगली पक्की झाली आहेत. इमारतीचे आराखडे संगणकावर होतात, भार आणि ताण दशांश चिन्हापर्यंत काढले जातात. तरीही त्या गणितातला आकडा आणि प्रत्यक्ष कॉलममधल्या काँक्रीटची ताकद यांत मोठे अंतर राहू शकते. हे अंतर मोजण्याची साधने उपलब्ध आहेत. ती वापरली गेली का आणि त्यातून काय निघाले, हे मात्र त्या घरात पुढची पन्नास वर्षे राहणाऱ्याला सहसा कळत नाही. हे बदलायला हवे.

पाच लिटरचा हिशेब

सिमेंट आणि पाण्याच्या नात्यावर फ्रान्समध्ये रेने फेरे यांनी १८९० च्या दशकातच काम केले होते. काँक्रीटमध्ये सिमेंटच्या तुलनेत पाणी आणि हवेने व्यापलेली जागा जितकी जास्त, तितकी ताकद कमी, असे त्यांच्या सूत्राचे सार. पुढे १९१८ मध्ये शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ आब्राम्स यांनी हजारो नमुने फोडून आणखी सोपा नियम मांडला. साहित्य ठीक असेल आणि माल नीट दाबून भरला असेल, तर काँक्रीटची ताकद मुख्यतः एकाच गुणोत्तरावर ठरते. ते म्हणजे पाणी भागिले सिमेंट. हे गुणोत्तर वाढले की ताकद घटते, आणि ती सरळ रेषेत न घटता दर टप्प्याला ठराविक पटीने घटते.

हा नियम साइटवरच्या भाषेत मांडला तर असा दिसतो. सिमेंटची एक गोणी ५० किलोची. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५ ठेवायचे असेल, तर एका गोणीला २५ लिटर पाणी. त्यात पाच लिटर जादा पडले की गुणोत्तर ०.६ होते. आब्राम्स यांच्या मूळ सूत्रातले आकडे घेऊन हिशेब केला, तर एवढ्यानेच सुमारे पाव ताकद जाते. आणखी पाच लिटर पडले, तर उरलेल्यातली पुन्हा पाव. आजचे सिमेंट १९१८ च्या सिमेंटपेक्षा वेगळे आहे, त्यामुळे नेमका आकडा बदलेल, पण वक्राचा आकार तोच राहतो.

पाच लिटर पाणी यायला बादलीच लागते असेही नाही. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी अशा नेहमीच्या मिश्रणात एका गोणीमागे सुमारे ८० किलो वाळू लागते. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या वाळूत वजनाच्या पाच टक्के ओल असेल, तर चार लिटर पाणी न मोजताच आत येते. चांगला अभियंता वाळूची ओल तपासून तेवढे पाणी वजा करतो. तसे केले नाही, तर गणितात लिहिलेले ०.५ हे गुणोत्तर मिक्सरमध्ये कधी तयारच होत नाही.

जादा पाणी एवढे नुकसान का करते, याचे उत्तर सूक्ष्म रचनेत आहे. सिमेंटशी रासायनिक संयोग होऊन बांधले जाणारे पाणी सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग असते, म्हणजे गोणीला १२ लिटरच्या आसपास. तयार होणाऱ्या जेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांत आणखी थोडे अडकते. बाकीचे पाणी केवळ माल खेळता राहावा म्हणून असते. ते यथावकाश उडून जाते आणि त्याची जागा रिकामी राहते. अमेरिकेतले थॉमस पॉवर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला या रिकाम्या जागेचे गणित मांडले. उपलब्ध जागेपैकी किती भाग जेलने भरला, हे प्रमाण काढायचे; ताकद त्या प्रमाणाच्या घनाच्या पटीत असते. ते प्रमाण दहा टक्क्यांनी घटले, तर ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटते.

नीट न दाबलेल्या मालात राहिलेल्या हवेचेही असेच आहे. काँक्रीटमध्ये पाच टक्के पोकळी जास्त राहिली, तर ताकद सुमारे ३० टक्क्यांनी कमी होऊ शकते. व्हायब्रेटर बंद पडला आणि सळईने ढोसून काम भागवले, तर त्याचा परिणाम पाण्याच्या बादलीइतकाच गंभीर असतो. कॉलमची फळी काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी खडी उघडी दिसते, त्यावर घाईघाईने गिलावा मारला जातो आणि तो दोषही नजरेआड होतो.

गणित स्वतःबद्दल काय सांगते

अभियंत्यांची सूत्रे एकच ठाम आकडा सांगतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ही सूत्रे स्वतःच्या मर्यादा उघडपणे सांगतात. काँक्रीटसाठीची भारतीय संहिता, आयएस ४५६, हिची २००० सालची आवृत्ती पाहिली तरी हे लक्षात येते. ‘एम २५’ याचा अर्थ प्रत्येक ठोकळा २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढा दाब घेईलच असा नाही. तपासलेल्या नमुन्यांपैकी पाच टक्क्यांहून जास्त नमुने या आकड्याखाली येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. एकाच साइटवर, एकाच प्रमाणाने केलेल्या मालाची ताकदही घाणागणिक बदलते, हे संहितेने आधीच मान्य केले आहे.

म्हणून मिश्रण ठरवताना लक्ष्य २५ च्या वर ठेवावे लागते. किती वर, ते साइटवरच्या शिस्तीवर अवलंबून. आकड्यांची विखुरण, म्हणजे प्रमाण विचलन, ४ असेल तर त्याच्या १.६५ पट मिळवायचे, म्हणजे लक्ष्य ३१.६ होते. विखुरण ३ वर आणली, तर ३० पुरते. ती ६ वर गेली, तर जवळजवळ ३५ गाठावे लागतात. मोजमाप काटेकोर ठेवणाऱ्याला त्याच दर्जासाठी कमी सिमेंट पुरते आणि बेशिस्तीची किंमत सिमेंटच्या गोण्यांत मोजावी लागते. दर्जा राखणे महाग पडते, असे म्हणणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांनी हे एवढे गणित एकदा करून पाहावे.

काँक्रीट भाराखाली किती दबेल हे सांगणारा लवचिकतेचा गुणांक काढायला संहिता एक सोपे सूत्र देते. ताकदीच्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला ५००० ने गुणायचे. त्याखालीच संहिता बजावते की प्रत्यक्ष मोजलेली किंमत यापेक्षा २० टक्क्यांनी कमी किंवा जास्त असू शकते. इतका प्रामाणिकपणा सूत्र लिहिणाऱ्यांनी दाखवला. मात्र सूत्र वापरणाऱ्यांच्या अहवालात तो बहुतेक वेळा गळून पडतो आणि उरतो तो एकटा आकडा.

संगणकाला जे कळत नाही

अलीकडे काँक्रीटची ताकद वर्तवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल वापरली जातात. या क्षेत्रात तैवानचे आय-चेंग येह यांनी १९९८ मध्ये न्यूरल नेटवर्क वापरून केलेले काम पायाभूत मानले जाते. त्यांनी जमवलेला १,०३० नमुन्यांचा संच आजही जगभरचे विद्यार्थी वापरतात. त्यात सिमेंट, भट्टीची स्लॅग, फ्लाय ॲश, पाणी, सुपरप्लास्टिसायझर, खडी, वाळू आणि काँक्रीटचे वय असे आठ रकाने आहेत. या आठांवरून नवव्याचा, म्हणजे ताकदीचा, बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

ही प्रगती स्वागतार्ह आहे. कोणत्या मिश्रणाने किती ताकद येईल याचा अंदाज आधीच आला, तर चाचण्यांचा खर्च वाचतो आणि फ्लाय ॲशसारख्या पदार्थांचा वापर वाढवून सिमेंट वाचवता येते. पण त्या आठ रकान्यांत ‘स्लॅबवर किती दिवस पाणी मारले’ असा रकाना नाही. ‘माल किती नीट दाबला’ असाही नाही. ते नमुने व्यवस्थित सांभाळलेले होते, म्हणून त्या रकान्यांची गरजच पडली नाही. अशा माहितीवर शिकलेले मॉडेल मे महिन्यात उघड्या गच्चीवर टाकलेल्या आणि दोन दिवसांत कोरड्या पडलेल्या स्लॅबबद्दल बोलू लागले, तर त्याचा अंदाज किती विश्वासार्ह मानायचा?

ठोकळ्याचीही अडचण हीच आहे. तो २७ अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्यात बुडून असतो. स्लॅबवर मात्र नियमाप्रमाणे साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस, आणि फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटसाठी किंवा उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओल टिकवायला हवी. आज बाजारात मिसळलेले सिमेंटच मोठ्या प्रमाणावर विकले जाते. त्याची ताकद सावकाश वाढते, म्हणून त्याला पाणीही जास्त दिवस हवे. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित काम. सकाळ-संध्याकाळ पाइपने दोन फवारे मारले की ‘क्युरिंग झाले’ असे समजण्याची सवय मोडायला हवी.

‘सेफ्टी फॅक्टर आहे ना!’

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. आराखड्यात सुरक्षितता गुणक धरलेला असतो, त्यामुळे थोडे इकडे तिकडे झाले तरी इमारत पडत नाही. हे अर्धे खरे आहे. काँक्रीटच्या ताकदीला आराखड्यात १.५ ने भागले जाते, म्हणजे ताकदीचा एक तृतीयांश भाग राखीव ठेवला जातो. ठोकळ्याची ताकद आणि प्रत्यक्ष कॉलमसारख्या भागातली ताकद यांतला फरक लक्षात घेण्यासाठी आणखी एक कपात वेगळी असते. या तरतुदींमुळेच अनेक सदोष इमारती आजही उभ्या आहेत.

पण राखीव भाग किती लवकर संपतो, हे एका साध्या गुणाकाराने कळते. समजा जादा पाण्यामुळे ताकद ७५ टक्क्यांवर आली. नीट न दाबल्यामुळे त्यातली दहा टक्के गेली. अपुऱ्या क्युरिंगमुळे उरलेल्यातली आणखी वीस टक्के गेली. पाऊण गुणिले ०.९ गुणिले ०.८ म्हणजे ०.५४. हा हिशेब उदाहरणादाखल आहे, पण यातला एकही दोष साइटवर अनोळखी नाही. १.५ च्या गुणकाने ०.६७ पर्यंतची सोय केली होती आणि तीन किरकोळ वाटणाऱ्या चुकांनी ती ओलांडली. शिवाय हा गुणक अजाणता राहणाऱ्या त्रुटींसाठी ठेवलेला आहे. जाणूनबुजून टाकलेल्या बादलीसाठी तो वापरायचा म्हणजे आजारपणासाठी ठेवलेले पैसे चैनीत उडवण्यासारखे आहे.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. ती इमारत दहा वर्षांचीही झाली नव्हती. त्याआधी ४ जानेवारी २०१४ रोजी गोव्यात काणकोण येथे बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळली आणि तिथे राबणारे तीसहून अधिक मजूर दगावले. प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी असतात आणि ती ठरवणे तपास यंत्रणांचे आणि न्यायालयांचे काम. मात्र अशा प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा. त्या कॉलममधल्या काँक्रीटची खरी ताकद किती होती, याची नोंद कुणाकडे होती का?

जुन्या इमारतींचे ऑडिट

जुन्या इमारतींत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे काळ हाही गणितात शिरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो आणि त्याची अल्कता कमी करतो. ही अल्कता सळईचे गंजण्यापासून रक्षण करत असते. कार्बन डायऑक्साइड किती खोल गेला, ते साधारणपणे वर्षांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. चांगल्या, घट्ट काँक्रीटमध्ये एका वर्षात तो दोन मिलिमीटर शिरत असेल, तर २० मिलिमीटर आवरण पार करायला त्याला १०० वर्षे लागतील. सच्छिद्र काँक्रीटमध्ये पहिल्या वर्षी चार मिलिमीटर शिरला, तर तेच आवरण २५ वर्षांत संपते. वेग दुप्पट झाला की आयुष्य चौथ्या हिश्शावर येते. बांधकामाच्या दिवशी पडलेल्या बादलीचा हिशेब असा पंचवीस वर्षांनी पुढे येतो. गंजलेली सळई फुगते, आवरणाला तडा जातो आणि छताचे पोपडे पडू लागतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत क्षारांची भर पडून हे आणखी लवकर होते.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. अनेक ठिकाणी ते होते. प्रश्न आहे तो हाती येणाऱ्या अहवालाचा. त्यात बहुधा रिबाउंड हॅमरचे आकडे असतात. हा स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागावर आपटून किती उसळतो, त्यावरून ताकदीचा अंदाज बांधला जातो. या अंदाजात २५ टक्क्यांची कमी-जास्त होऊ शकते, असे भारतीय मानकानेच नमूद केले आहे. त्यातून कार्बन डायऑक्साइड शिरलेल्या जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग अधिक कडक होतो, म्हणून हातोडा आत असलेल्या ताकदीपेक्षा जास्त ताकद दाखवतो. म्हणजे ज्या इमारतीत धोका वाढला आहे, तिथेच ही चाचणी अधिक दिलासा देऊ शकते.

यावर उपाय आहेत. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून आतल्या पोकळ्यांचा आणि तड्यांचा माग काढता येतो. फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन ताज्या खणलेल्या भागावर फवारले, तर अल्कता शाबूत असलेला भाग गुलाबी होतो आणि गमावलेला भाग रंगहीन राहतो. कार्बन डायऑक्साइड कुठवर पोहोचला ते डोळ्यांना दिसते. आणि नेमकी ताकद हवी असेल, तर मोजक्या ठिकाणी गोल गाभा कापून तो प्रयोगशाळेत फोडून पाहता येतो. नव्या बांधकामात शंका आली, तर संहिता हाच मार्ग सांगते. गाभ्यांची सरासरी ताकद ठरलेल्या दर्जाच्या किमान ८५ टक्के असावी आणि कोणताही एक गाभा ७५ टक्क्यांखाली नसावा.

वैद्यकीय तपासणीच्या अहवालात प्रत्येक आकड्यासमोर सामान्य मर्यादा छापलेली असते. एका चाचणीत शंका आली, तर डॉक्टर दुसरी सुचवतात. इमारतीच्या अहवालात मात्र कधी ‘सुस्थितीत’ किंवा ‘धोकादायक’ एवढा एक शब्द पुरेसा मानला जातो. त्याच एका शब्दावर कुटुंबे घर सोडतात किंवा धोक्याखाली झोपतात. पुनर्विकासाच्या वादात तर एकाच इमारतीचे दोन विरुद्ध अहवाल निघतात. दोन्ही अहवालांत चाचण्या किती ठिकाणी झाल्या, आकडे किती विखुरलेले होते आणि अंदाजात किती चूक संभवते, हे लिहिणे सक्तीचे असते, तर रहिवाशांना निदान कुणाचा आधार भक्कम आहे ते ताडता आले असते.

काय करता येईल

पहिली गोष्ट, घराचा ताबा देताना प्रत्येक मजल्याच्या ठोकळ्यांचे निकाल, काँक्रीट टाकल्याच्या तारखा आणि क्युरिंगची नोंदवही गृहनिर्माण संस्थेच्या हवाली करणे बंधनकारक व्हावे. ही माहिती नियमाने ठेवायचीच असते. संहितेनुसार ५० घनमीटरपर्यंतच्या कामाला चार नमुने आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला एक जादा नमुना लागतो. त्यामुळे ती देण्यात नवा खर्च नाही.

दुसरी गोष्ट, क्युरिंगला कंत्राटात स्वतंत्र रक्कम ठेवावी आणि नोंद पाहूनच ती द्यावी. ज्या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत, ते आधी सुटते.

तिसरी गोष्ट, पाण्याच्या बादलीला पर्याय द्यावा. माल खेळता हवा ही मजुरांची गरज खरी आहे. दाट सळयांत घट्ट माल उतरत नाही. सुपरप्लास्टिसायझर योग्य प्रमाणात वापरले, तर पाणी न वाढवता माल सैल होतो. ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूत माल भरून, शंकू उचलून तो किती खचतो हे पाहणारी स्लंप चाचणी काही मिनिटांत होते. ती प्रत्येक घाण्याला शक्य नसली, तरी प्रत्येक ट्रान्झिट मिक्सरच्या गाडीला नक्कीच शक्य आहे.

चौथी गोष्ट, ऑडिटच्या अहवालात केवळ शेरा नको, आकडे हवेत. निष्कर्ष घर रिकामे करण्याचा असेल, तर हातोड्याच्या चाचणीवर न थांबता गाभ्याची तपासणी व्हावी.

यातले काहीही अवघड विज्ञान नाही. आब्राम्स यांचा नियम अभियांत्रिकीच्या पुस्तकांत केव्हाच पोहोचला आहे. तो साइटवरच्या बादलीपर्यंत पोहोचायचा आहे. घर घेणारे लोक फरशीचा रंग, नळाची कंपनी आणि लिफ्टची क्षमता विचारतात. त्यांनी यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: ‘आमच्या मजल्याच्या ठोकळ्यांचे निकाल आणि पाणी मारल्याची नोंद दाखवा.’ हा प्रश्न विचारला जाणार हे साइटवर एकदा ठाऊक झाले, तर अर्धी बादली टाकण्याआधी मुकादमही एकदा थांबेल.